अधिक एक

१

जेवायला बसलं की भागूबाई सुनेला रोज तेवढंच म्हणायच्या, "सरक जरा, पोरी."

आणि पल्लवी सरकायची. लग्नाला सव्वा महिना झाला होता. नव्या सुनेनं नाही सरकायचं तर कुणी सरकायचं?

कळमनुरीतलं हे घर तसं लहानच. पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, आणि जिन्याखाली पल्लवीच्या कॉम्प्युटरसाठी मोकळी करून दिलेली कपाटाएवढी जागा. जेवणं मधल्या खोलीत सतरंजीवर व्हायची. आत भिंतीशी सासरे शेषराव, त्यांना ती मामा म्हणायची. त्यांच्या शेजारी नवरा प्रेमानंद. सबस्टेशनवरची त्याची ड्यूटी दुपारी चारला सुरू व्हायची, म्हणून दुपारचं जेवण त्याचं घरीच. मग आत्याबाई, म्हणजे भागूबाई. आणि शेवटी, दाराकडे, पल्लवी. चार माणसं, चार ताटं. सरकून झालं की पल्लवीचा गुडघा उंबऱ्याला लागायचा, आणि तिच्या नि आत्याबाईंच्या मध्ये एक माणूस मांडी घालून बसेल एवढी सतरंजी रिकामी राहायची.

आधी तिला वाटलं, भाकरीच्या टोपल्यासाठी असेल. पण टोपलं आत्याबाई पुढ्यात ठेवायच्या. मग वाटलं, मार्चचा उकाडा आहे, अंगाला अंग लागलेलं नको वाटत असेल. पण पौर्णिमेला सगळी विहारात वंदनेला गेली, तर तिथंही आत्याबाईंनी तिला कोपरानं हळूच पलीकडे केलं. वसमतला नात्यातल्या एका लग्नाला निघाली, तेव्हा तर काळीपिवळीचा ड्रायव्हर वैतागला.

"मावशी, सरका की. तिथं अजून एक माणूस बसतं."

"व्हय, बसतं," भागूबाई म्हणाल्या आणि रस्त्याकडं बघत राहिल्या. जागची हालल्या नाहीत.

घरी आल्यावर पल्लवीनं प्रेमानंदला विचारलं.

"मला तर कधी ध्यानातच आलं न्हाई," तो हसला. "तू काय फूटपट्टी घेऊन जेवायला बसतीस का?"

"माझा गुडघा उंबऱ्याला लागतो."

"मग उंबरा सरकवू. त्यात काय?"

नवरा विनोदी निघाला हे एका अर्थी बरंच झालं होतं. पण त्याला खरोखरच ध्यानात आलेलं नव्हतं, हे बघून तिला कसंसं झालं. लहानपणापासून तो त्या रिकाम्या सतरंजीला वळसा घालून आपल्या ताटावर येत होता. आजही आला होता.

२

पल्लवी लिंकरवर काम करायची, आणि हे सासरी समजावून सांगणं सोपं नव्हतं.

"दिवसभर त्या डब्यात बघून काय करून राहिली तुमची सून?" शेजारच्या शकुबाईंनी कुंपणावरून विचारलं होतं.

"कायतरी जोडून राहिली म्हणती," भागूबाई म्हणाल्या.

"काय तुटलं व्हतं?"

शेषराव निवृत्त शिक्षक. त्यांना मात्र खरंच समजून घ्यायचं होतं. एका सकाळी ते खुर्ची घेऊन जिन्याखाली येऊन बसले.

"मामा, मोठा प्रोग्रॅम एका बैठकीत लिहिलेला नसतो," पल्लवीनं सांगितलं. "त्याचे शंभर तुकडे असतात. ते सांधून एक करायचं काम लिंकरचं. सांधताना कोणता तुकडा कुठं बसला त्याचा पत्ता लिहावा लागतो. पण काही पत्ते प्रोग्रॅम चालू होईस्तोवर कळतच नाहीत. मग लिंकर तिथं एक चिठ्ठी ठेवतो, की चालू होताना इथं अमक्याचा पत्ता भरा."

"आणि चिठ्ठ्या किती लागतील हे कसं कळतं?"

"आधी एकदा सगळं फिरून मोजायचं आणि तेवढ्या ओळींची जागा राखायची. मग दुसऱ्यांदा फिरायचं आणि त्या ओळी भरायच्या."

"म्हणजे पंगत," शेषराव म्हणाले. "आधी पत्रावळी टाकायच्या, मग माणसं बसवायची."

"बराबर."

"आणि पत्रावळीपेक्षा माणूस जास्त आलं तर?"

"येत नाही, मामा. मोजणारा आणि भरणारा एकच असतो."

शेषरावांनी चष्मा काढून पुसला. मग खुर्ची उचलून पुढच्या खोलीत गेले.

पल्लवीला दिलेलं काम साफसफाईचं होतं. तो लिंकर अकरा जातींच्या मशीनसाठी चालायचा, आणि प्रत्येक जातीची फाईल वेगळी. पण मोजून जागा राखण्याच्या चाळीस-पन्नास ओळी अकराही फायलींत त्याच. तीस वर्षांत एकानं दुसऱ्याचं उतरवून घेतलेलं. एकीत चूक दुरुस्त झाली तर दहांत तशीच राहायची. त्या सगळ्या नकला काढून टाकायच्या, एकच फंक्शन, म्हणजे नावानं हाक मारता येणारा तुकडा, सामाईक ठिकाणी लिहायचं, आणि अकरा फायलींनी त्यालाच हाक मारायची. हे नीट झालं की कंपनी तिला पक्कं करणार होती.

कुणाला दिसणार नाही असं काम. तिला आवडायचं. लग्नानंतर तर जास्तच. जिन्याखालची ती खुर्ची ही या घरातली एकच जागा होती जिथून तिला कुणी सरक म्हणत नव्हतं.

३

तिनं अकराही फायली शेजारी-शेजारी मांडल्या. नावं थोडी वेगळी, मोकळ्या जागा वेगळ्या, बाकी सगळं सारखं. आणि प्रत्येकीत मोजणी संपल्यावर, अगदी शेवटी, एक बारीकशी भर: अधिक एक.

का, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. जितक्या ओळी लागणार त्याहून एक जास्त राखली जायची. भरताना मात्र ती कुणीच भरायचं नाही. तयार झालेल्या प्रोग्रॅममध्ये चिठ्ठ्यांच्या यादीच्या तळाशी एक ओळ नुसत्या शून्यांची राहायची. त्यानं बिघडत काही नव्हतं.

कुणीतरी पहिल्यांदा चुकलं असेल आणि बाकीच्यांनी चूकही उतरवून घेतली असेल. पल्लवीला हे पटलं. नववी फाईल नीट वाचेपर्यंत पटलं.

नवव्या फाईलच्या माणसानं माथ्यावरच लिहिलं होतं की त्यानं बाकीच्या फायली मुद्दाम पाहिलेल्या नाहीत; सगळं स्वतः, पहिल्यापासून लिहिलं आहे. ते खरं दिसत होतं. त्याची मोजायची रीत उलटी होती, शेवटाकडून सुरुवातीकडे. त्यानं दिलेली नावं तिला न येणाऱ्या कुठल्यातरी भाषेतली होती. आणि मोजणी संपल्यावर त्यानंही एक वाढवला होता.

बाहेर कुणाच्यातरी शेतात हळद शिजत होती. खिडकीतून तो ओला, मातकट वास येत होता.

मग तिनं एक छोटी चाचणी लिहिली. चार फंक्शनं घेतली आणि गंमत म्हणून त्यांना घरातल्यांची नावं दिली. लिंकर चालवला. यादी आली: शेषराव, भागूबाई, प्रेमानंद, पल्लवी. चौघांच्या पुढं चौघांचे पत्ते. खाली पाचवी ओळ, सगळी शून्यं.

त्या कोडचा एक जुना राखणदार होता. परदेशात कुठंतरी राहणारा म्हातारा, तिनं त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. तिनं त्याला विचारलं. उत्तर दुपारी आलं.

"ती ओळ माझी नाही. मी आलो तेव्हा होती. एकदा मी ती एका फायलीतून काढली होती. दुसऱ्या दिवशी परत ठेवली. तुला काढायची असेल तर काढ, चाचण्या पास होतील."

"चाचण्या पास झाल्या तर परत का ठेवली?" तिनं विचारलं.



कारण न सांगता राखून ठेवलेल्या जागेचा तिला त्या दिवसांत तसाही राग आला होता. मंगळवारी सकाळी तिनं अकरा नकला पुसल्या, एकच फंक्शन ठेवलं, आणि त्यात अधिक एक लिहिलं नाही. सगळ्या चाचण्या पास होऊन हिरव्या झाल्या. यादीत चार ओळी, चार नावं. किती नीटनेटकं दिसत होतं.

४

त्या दुपारी जेवायला बसताना आत्याबाई काही म्हणाल्या नाहीत.

पल्लवी सवयीनं दाराकडे सरकायला गेली, तर त्यांनीच तिचा हात धरून जवळ ओढलं. "तिकडं काहून? हितं बस की." मांडीला मांडी लागली. आत्याबाईंच्या लुगड्याला राखेचा आणि लसणाचा वास होता. त्यांनी तिच्या ताटात न विचारता ठेचा वाढला, वर तेल सोडलं.

"आज काय विशेष?" प्रेमानंदनं विचारलं. "सुनेची चैन चालू हाय."

"गप जेव."

पल्लवीला हसू आवरेना. सव्वा महिन्यात पहिल्यांदा तिचा गुडघा उंबऱ्याला लागला नव्हता. घरात आल्यासारखं वाटलं. आत्याबाई मात्र जेवता-जेवता दोनदा थांबल्या आणि इकडंतिकडं पाहू लागल्या.

"काय पाहिजे, आत्याबाई?"

"कायी न्हाई, माय. आज आटोपशीर वाटून राहिलं."

शेषरावांनी अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवून हात धुतला.

५

बुधवारी तिनं प्रेमानंदला सांगितलं, जिन्याखालच्या पंख्याचं बटण बदलायचंय, येताना आणा.

"सकाळीच तर नको म्हणालीस."

"मी?"

"मी विचारलं, आणू का. तू मान हलवलीस. स्वयंपाकघरात. पोळपाट धुवून राहिली व्हतीस की तू."

पल्लवी सकाळी स्वयंपाकघरात गेलीच नव्हती. गेली असेल. काम डोक्यात असलं की तिचं असं व्हायचं. नांदेडला होस्टेलवर असताना एकदा परीक्षेच्या दिवसांत ती दोनदा आंघोळ करून आली होती.

गुरुवारी चार वाजता ती चहा मागायला गेली. आत्याबाई कप विसळत होत्या.

"दिला की तुला आत्ता. पुन्यांदा कशाला? पित्त वाढवून घेतीस काय?"

ती परत आली. कीबोर्डशेजारी तिचा कप होता. तळाशी चहा ओला होता, काठ अजून कोमट. पल्लवीनं जीभ टाळ्याला लावून पाहिली. जेवणानंतर प्यायलेल्या पाण्याशिवाय तोंडाला कसलीच चव नव्हती.

तिनं स्वतःची समजूत घातली. माणूस यंत्रासारखा चहा पितो आणि विसरतो. मग, आपण काय करतोय हे स्वतःशीही न बोलता, तिनं मंगळवारची चाचणी पुन्हा चालवली. चार ओळी, चार नावं. फक्त चौथ्या नावापुढचा पत्ता जरा मोठा वाटला. उद्या बघू म्हणून तिनं पडद्यावरची खिडकी मिटली.

शुक्रवारी शेषराव पुढच्या खोलीत पेपर वाचत होते. ती समोरून गेली तशी त्यांनी पेपर खाली केला.

"सूनबाई, आज बरं वाटलं बघ. मी आपला भीत व्हतो, पोरगी अबोल हाय, घरात रमती का न्हाई. आज किती बोललीस तू."

पल्लवी त्यांच्याशी दिवसभरात एक शब्द बोललेली नव्हती.

काय बोलले मी, हे तिला विचारता आलं नाही. म्हातारा इतका खूश दिसत होता. आत येऊन ती खुर्चीत बसली, तेव्हा तिला पहिल्यांदा भीतीच्याही आधी दुसरंच काहीतरी वाटलं. जे कोणी होतं, ते तिच्यापेक्षा चांगलं नांदत होतं.

६

शनिवारी दुपारी वारं सुटलं. जेवायची वेळ झाली होती, आत्याबाई ताटं घेत होत्या. पल्लवी गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करायला गेली. पलीकडच्या गच्चीवर शकुबाई कुरडयांवर कापड टाकत होत्या. तिला पाहून त्या थबकल्या.

"काहून गं, तू वर कशी?"

"मिरच्या उडतील म्हणून आले."

"आत्ता येता येता तुमच्या खिडकीतून तू जेवायला बसलेली दिसलीस." शकुबाईंनी कपाळावर हात धरून तिच्याकडं नीट पाहिलं. "पायाला भिंगरी हाय का काय तुझ्या?"

पल्लवी जिना उतरून आली. एक-एक पायरी, भिंतीला हात लावून. मधल्या खोलीतून ताटवाट्यांचा आवाज येत होता. भाकरी मोडल्याचा आवाज, प्रेमानंदचं हसणं. नेहमीचंच सगळं.

ती दारात उभी राहिली.

शेषराव. प्रेमानंद. आत्याबाई. आणि आत्याबाईंच्या मांडीला मांडी लावून, दाराकडे पाठ करून, आणखी एक जण. ताटं चार. सतरंजी जिथं संपत होती तिथं तिचा पसरलेला पदर संपत होता. मध्ये बोटभरही जागा नव्हती.

साडी पल्लवीचीच होती, पाठवणीच्या दिवशीची, जी तिनं ट्रंकेत ठेवली होती. डावा हात जमिनीवर टेकलेला होता. त्या हातावर मेंदी होती. पल्लवीची मेंदी केव्हाच उडाली होती, नखांवर नुसती पिवळट कड राहिली होती. ही मेंदी ओली वाटावी इतकी गडद होती.

उजेड होता. दुपारचा एक वाजला होता. बाहेर रस्त्यावर एसटीनं हॉर्न दिला.

"आत्याबाई," पल्लवी म्हणाली.

भागूबाईंनी मान वळवली. दाराकडे नाही. शेजारी.

"काय म्हणलीस, पोरी?"

शेजारचं चावणं थांबलं. कानामागची एक शीर हलत होती, ती हलायची थांबली. मग ते डोकं हळूच, दोनदा, नाही असं हललं.

"मग जेव," आत्याबाई म्हणाल्या आणि तिच्या ताटात ठेचा वाढला.

७

जिन्याखाली खुर्चीत बसून तिनं राखणदाराला लिहिलं. काय लिहायचं ते कळेना. शेवटी एवढंच लिहिलं, की ती ओळ काढली, आणि घरात मला जागा नाही.

उत्तर मिनिटभरात आलं. जणू तो वाटच बघत होता.

"परत ठेव. किती दिवस झाले?"

"पाच."

"कुठल्या फायलीतून काढलीस?"

"फायली आता वेगळ्या नाहीत. अकराही एकाच ठिकाणाहून मोजतात. मीच तसं केलंय."

मधल्या खोलीत प्रेमानंद कसली तरी नक्कल करत होता आणि आत्याबाई त्याला हसत होत्या. त्यांच्या हसण्यात आणखी एक हसू होतं. बारीक, लाजरं. पल्लवी तसं कधी हसली नव्हती. हसावंसं मात्र तिला वाटायचं.

मग पडद्यावर दोन ओळी उमटल्या.

"मी दुसऱ्याच दिवशी ठेवली होती. आणि माझी एकच फाईल होती."



तिनं अधिक एक परत लिहिलं. तीन वेळा चुकलं. चाचण्या चालवल्या. हिरव्या झाल्या. मग ती घरच्यांच्या नावांची चाचणी चालवली आणि एकेक ओळ बोट लावून वाचली, लहान मूल वाचतं तशी.

शेषराव. भागूबाई. प्रेमानंद. तिघांचे पत्ते जागच्या जागी.

चौथी ओळ, पल्लवी. पुढचा पत्ता त्या प्रोग्रॅमच्या शेवटाच्याही पलीकडचा होता. तिथं तिनं काहीच ठेवलेलं नव्हतं. तिथं कुणीच काही ठेवलेलं नव्हतं.

पाचवी ओळ होती. राखलेली जागा परत आली होती. पण तिच्यात शून्यं नव्हती. नाव नव्हतं, पत्ता होता. तो तिनं दुसऱ्या खिडकीत ताडून पाहिला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तो तिनं स्वतःचं नाव दिलेल्या फंक्शनचा होता.

मधल्या खोलीत सतरंजीवर काहीतरी घासल्याचा आवाज झाला. कुणीतरी बसल्या जागी बाजूला होत होतं.

पल्लवी उठून दारात आली. जेवणं अजून चालू होती. ती दुसरी आता उंबऱ्याशी बसली होती, गुडघा उंबऱ्याला लावून, मान खाली घालून. चेहरा पदराच्या सावलीत होता. एवढं मात्र दिसलं की ती घास घ्यायची थांबली आहे, आणि वाट सोडायला तिनं पाय आखडून घेतले आहेत.

तिच्या आणि आत्याबाईंच्या मध्ये एक माणूस मांडी घालून बसेल एवढी सतरंजी रिकामी होती. पुढं ताट नव्हतं.

"अहो," पल्लवीनं प्रेमानंदला हाक मारली. त्यानं तिच्या आरपार दाराबाहेरच्या उन्हाकडं पाहिलं आणि पाण्याचा तांब्या ओढला. शेषरावांनी मान वर केली नाही, पण त्यांचा घासाचा हात तोंडाशी येऊन थांबला. तो तसाच थांबून राहिला.

पल्लवी आत गेली. त्या आखडलेल्या पायांना आपला पदर लागू नये म्हणून तिनं तो सावरून धरला. मग ती त्या मोकळ्या सतरंजीवर बसली.

आत्याबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. फक्त त्या बाजूला पसरलेला आपला पदर त्यांनी हलकेच ओढून घेतला, शेजारी कुणी बसायला आलं की आपण घेतो तसा.

बसायला मिळालं म्हणून पल्लवीला हायसं वाटलं. हायसं वाटलं, हे तिच्या लक्षात आलं. ताट मागावं म्हणून तिनं तोंड उघडलं, आणि काय म्हणायचं असतं ते तिला आठवेना.